विश्लेषण : शंकरपटाच्या गर्दीवर ड्रोन उडवायचा, तर परवानगी कोणाची?

धानाची कापणी-मळणी उरकली, दिवाळीनंतरच्या मंडई झाल्या, की भंडारा जिल्ह्याला शंकरपटाचे वेध लागतात. दिवसा पट आणि रात्री झाडीपट्टीचे नाटक, असा हा हंगाम. साकोली, लाखनी, लाखांदूरच्या पट्ट्यात रिकाम्या झालेल्या बांध्यांच्या कडेला हजारोंची गर्दी जमते. अलीकडे या गर्दीच्या डोक्यावर ड्रोनही घोंघावू लागले आहेत. जोडी सुटल्यापासून शेवटच्या रेषेपर्यंतचा थरार वरून टिपायचा, मोठ्या पडद्यावर दाखवायचा, यूट्यूबवर थेट सोडायचा, ही आता अनेक आयोजकांची गरज झाली आहे. मात्र हा ड्रोन उडवायला परवानगी कोणाची लागते, या प्रश्नावर एकीकडे ‘ग्रीन झोन आहे, कोणाचीच लागत नाही’ असे सांगितले जाते, तर दुसरीकडे ‘कलेक्टरची घ्यावीच लागते’ असे. दोन्ही उत्तरे अर्धीच बरोबर आहेत.

पट आणि ड्रोन : दोघांवरही एकाच वर्षी बंदी

योगायोग असा, की शंकरपट आणि ड्रोन या दोहोंचा कायदेशीर प्रवास बराचसा समांतर झाला. सर्वोच्च न्यायालयाने ७ मे २०१४ रोजी जल्लिकट्टू आणि बैलगाडा शर्यतींवर बंदी घातली. त्याच वर्षी ७ ऑक्टोबरला नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने (डीजीसीए) सूचना काढून नागरी ड्रोनचा वापर थांबवला. ड्रोनसाठी १ डिसेंबर २०१८ पासून दार किलकिले झाले, पण परवान्यांची कटकट इतकी होती, की लग्नाचे चित्रीकरण करणाऱ्याला ती झेपणारी नव्हती. खरी मोकळीक मिळाली ती ‘ड्रोन नियम, २०२१’ मुळे. हे नियम २५ ऑगस्ट २०२१ रोजी अधिसूचित झाले. त्यानंतर चार महिन्यांच्या आत, १६ डिसेंबर २०२१ रोजी, सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रात बैलगाडा शर्यतींना अंतरिम परवानगी दिली. पुढे १८ मे २०२३ रोजी पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने राज्याची कायदादुरुस्ती वैध ठरवली.

म्हणजे बंदीपूर्वीच्या पटात ड्रोन जवळजवळ नव्हताच. पट परतला तेव्हा तो कॅमेऱ्यासह आकाशात हजर होता. शर्यतीचे नियम लिहिणाऱ्यांनी बैलांचा विचार केला, ड्रोनचे नियम लिहिणाऱ्यांनी विमानांचा. मधल्या गर्दीचा विचार कोणी करायचा, हे सैल राहिले.

ड्रोन नियमांत ‘गर्दी’साठी काय आहे?

थेट असे काहीच नाही. ‘इतक्या लोकांवरून ड्रोन उडवू नये’ किंवा ‘प्रेक्षकांपासून इतके मीटर अंतर ठेवावे’ असा आकडा २०२१ च्या नियमांत सापडत नाही. २०१८ च्या व्यवस्थेत डीजीसीएने ‘काय करावे, काय करू नये’ अशी यादी दिली होती. लोकांचे समूह, सार्वजनिक कार्यक्रम किंवा भरलेली स्टेडियम यांवरून परवानगीविना उडवू नका, असे तीत सांगितले होते. नवे नियम सुटसुटीत करताना भर हवाई क्षेत्राच्या रंगांवर आला.

आहे ती एक सर्वसाधारण तरतूद : कोणत्याही व्यक्तीच्या किंवा मालमत्तेच्या सुरक्षेला प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष धोका होईल अशा रीतीने ड्रोन चालवायचा नाही. वाक्य साधे वाटते, पण व्यवहारात याच्याएवढे वजनदार दुसरे नाही. काही घडले नाही तर त्याची आठवण कोणाला होत नाही. काही घडले, तर तपास अधिकारी पहिल्यांदा तेच वाचतो.

इतर देशांनी हा प्रश्न असा मोकळा सोडलेला नाही. युरोपीय संघाच्या २०१९ च्या नियमावलीनुसार सर्वसाधारण वर्गातल्या ड्रोनने जमावावरून उडायचेच नाही. तिथली जमावाची व्याख्या मोठी उपयुक्त आहे. ती माणसे मोजत नाही. दाटीमुळे माणसांना बाजूला सरकता येत नसेल, तर तो जमाव. रिकाम्या बांध्यात विखुरलेले दोनशे लोक त्या अर्थाने जमाव ठरणार नाहीत, पण शेवटच्या रेषेजवळ दोरीला खेटून उभे असलेले पन्नास लोक नक्कीच ठरतील. अमेरिकेत ३० हजार वा अधिक आसनांच्या स्टेडियममध्ये बेसबॉल, अमेरिकन फुटबॉल अशा ठरावीक मोठ्या स्पर्धांचे सामने असले, की सामन्याच्या एक तास आधीपासून एक तास नंतरपर्यंत तीन सागरी मैलांच्या परिघात, ३,००० फुटांपर्यंत परवानगीविना ड्रोनला मज्जाव असतो.

आपल्याकडे क्रिकेटचे उदाहरण आहे. फेब्रुवारी २०२१ मध्ये, नवे नियम येण्यापूर्वी, नागरी विमान वाहतूक मंत्रालय आणि डीजीसीएने सामन्यांच्या थेट हवाई चित्रीकरणासाठी बीसीसीआयला वर्षअखेरपर्यंत सशर्त सूट दिली होती. बीसीसीआयसारख्या संस्थेला दिल्लीतून अटी लिहून मिळतात. लाखांदूर तालुक्यातल्या पटसमितीला त्या स्वतःच ठरवाव्या लागतात.

ग्रीन झोन म्हणजे काय? भंडाऱ्यात कुठे उडवता येते?

केंद्र सरकारने २४ सप्टेंबर २०२१ रोजी ‘डिजिटल स्काय’वर देशाचा ड्रोन नकाशा प्रसिद्ध केला. त्यात हिरवा, पिवळा आणि लाल असे तीन रंग आहेत. हिरव्या भागात जमिनीपासून ४०० फुटांपर्यंत (सुमारे १२० मीटर) उडवायला कोणाची पूर्वपरवानगी लागत नाही. सुरू असलेल्या विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात ही मर्यादा २०० फूट होते. ५ ते ८ किलोमीटरचा पट्टा पिवळा असतो, तिथे हवाई वाहतूक नियंत्रण कक्षाची परवानगी हवी. लाल भागात केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय ड्रोन वर जाऊ शकत नाही.

भंडाऱ्याच्या दोन्ही बाजूंना विमानतळ आहेत, पूर्वेला गोंदियाजवळ बिरसी आणि पश्चिमेला नागपूर. पण जिल्ह्यातली गावे १२ किलोमीटरच्या वर्तुळांपासून लांब आहेत. त्यामुळे विमानतळापुरते पाहिले तर पटाच्या बहुतेक जागा हिरव्यातच येतात. विमानतळ हा मात्र एकमेव निकष नाही. जवाहरनगरला संरक्षण खात्याची आयुधनिर्माणी आहे. अशा आस्थापनेच्या आसपासच्या गावात नकाशा न पाहता ड्रोन काढणे म्हणजे स्वतःहून चौकशी ओढवून घेणे. कोका अभयारण्य, नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प, पवनीकडचे उमरेड-पवनी-करांडला अभयारण्य यांच्या हद्दीत चित्रीकरणासाठी वन विभागाची वेगळी परवानगी लागते. ड्रोनच्या नकाशावरचा हिरवा रंग तिथे कामाचा नाही. जंगलाला लागून असलेल्या गावात पट असेल, तर ‘सुंदर शॉट’साठी ड्रोन झाडांच्या दिशेने नेण्याचा मोह आवरावा लागतो.

आणखी एक बाब सहसा लक्षात घेतली जात नाही. नकाशा एकदा पाहून भागत नाही. प्रत्येक उड्डाणाआधी त्या जागेसाठी नवी सूचना वा निर्बंध आहे का, हे डिजिटल स्कायवर तपासणे वैमानिकावर बंधनकारक आहे. याचे कारण पुढच्या मुद्द्यात आहे.

पोलीस आणि जिल्हाधिकारी कुठे येतात?

आदल्या दिवशी हिरवा असलेला भाग दुसऱ्या दिवशी लाल होऊ शकतो. राज्य सरकार किंवा पोलीस यंत्रणेला एखाद्या भागावर तात्पुरता रेड झोन जाहीर करता येतो, एका वेळी जास्तीत जास्त ९६ तासांसाठी. त्याची सूचना पोलीस अधीक्षक किंवा समकक्ष दर्जापेक्षा खालच्या अधिकाऱ्याला काढता येत नाही. पटाच्या उद्घाटनाला मंत्री येणार असतील, तर हा शब्द ऐकायला मिळण्याची शक्यता वाढते. याशिवाय भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली (जुने कलम १४४) जिल्हा दंडाधिकारी मनाई आदेश काढू शकतात, आणि त्यात ड्रोनचा उल्लेख असू शकतो. तो मोडला तर भारतीय न्याय संहितेचे कलम २२३ लागते.

जिल्हाधिकाऱ्यांचा दुसरा संबंध शर्यतीकडून येतो. बैलांच्या शर्यतीला जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते आणि धावपट्टी १,००० मीटरपेक्षा लांब असू शकत नाही. बैलांना वेदना वा यातना दिल्यास पाच लाख रुपयांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद, अशी राज्याच्या दुरुस्ती कायद्यात तरतूद आहे. परवानगी अटींसह मिळते. त्या अटींत ड्रोनबद्दल काही लिहिले असेल, तर तो ग्रीन झोन असला तरी अट पाळावी लागते.

थोडक्यात, हिरव्या भागातल्या उड्डाणासाठी कलेक्टरची वेगळी ‘ड्रोन परवानगी’ नियमांत नाही. पण ज्या कार्यक्रमात ड्रोन उडणार आहे तो त्यांच्या परवानगीवर उभा आहे. म्हणून समजदार आयोजक पटाच्या अर्जातच लिहितात : चित्रीकरण ड्रोनने होणार, वैमानिक हा, नोंदणी क्रमांक हा, उडण्याची जागा ही. त्याची प्रत पोलीस ठाण्याला देतात. पोहोच मिळालेला एक कागद पटाच्या दिवशी बंदोबस्तावरच्या हवालदाराशी होणारी अर्ध्या तासाची हुज्जत वाचवतो.

वैमानिकाकडे काय हवे? २४९ ग्रॅमची गंमत

नियमांत सगळे वजनावर आहे. २५० ग्रॅमपर्यंत नॅनो, २ किलोपर्यंत मायक्रो, २५ किलोपर्यंत स्मॉल. पुढचे मीडियम आणि लार्ज चित्रीकरणाच्या कामाचे नाहीत. मायक्रो ड्रोन हौसेसाठी उडवला तर वैमानिकाला प्रमाणपत्र लागत नाही. पैसे घेऊन उडवला तर लागते. आयोजकाने मानधन दिले की तो व्यवसाय झाला. जाहिरातींतून कमावणाऱ्या यूट्यूब चॅनलवाल्यानेही ‘मी तर फुकट शूट करतो’ या युक्तिवादावर विसंबू नये.

हे प्रमाणपत्र (रिमोट पायलट सर्टिफिकेट) मिळवायला वय १८ ते ६५, किमान दहावी उत्तीर्ण आणि डीजीसीएची मान्यता असलेल्या संस्थेतून प्रशिक्षण, एवढे लागते. ते दहा वर्षे चालते. फेब्रुवारी २०२२ च्या दुरुस्तीने ‘परवाना’ हा शब्द जाऊन ‘प्रमाणपत्र’ आले. सप्टेंबर २०२३ च्या दुरुस्तीने पासपोर्टची सक्ती गेली आणि सरकारी ओळखपत्र व पत्त्याचा पुरावा चालू लागला. गावखेड्यातल्या मुलांसाठी हा बदल मोठा होता, कारण ड्रोन चालवता येणाऱ्या प्रत्येकाकडे पासपोर्ट असतोच असे नाही.

नॅनोला मात्र वैमानिक प्रमाणपत्र नको, टाईप सर्टिफिकेट नको, तृतीय पक्ष विमाही नको. म्हणूनच बाजारात ‘२४९ ग्रॅम’ हा आकडा जाहिरातीसारखा फिरतो. गोम अशी की नियम पाहतो ते उडतानाचे एकूण वजन, खोक्यावर छापलेले नव्हे. जास्त वेळ टिकणारी मोठी बॅटरी घातली तर हाच ड्रोन २९० ग्रॅमच्या आसपास जातो. लोकांना पाते लागू नये म्हणून पंख्यांभोवती संरक्षक जाळी बसवली, तरी वजन २५० च्या वर जाते आणि ड्रोन मायक्रो ठरतो. म्हणजे सुरक्षेसाठी जाळी लावणारा प्रमाणपत्राच्या कक्षेत येतो, न लावणारा बाहेर राहतो. हा नियमातला दोष म्हणायचा की अपुरेपणा, ते ज्याने त्याने ठरवावे. पटासारख्या ठिकाणी तरी जाळी आणि प्रमाणपत्र दोन्ही घेतलेले बरे.

आणि नॅनोची सवलत कागदपत्रांपुरती आहे. रेड झोन, मनाई आदेश आणि लोकांच्या सुरक्षेची तरतूद २४९ ग्रॅमलाही लागू आहे.

परदेशी ड्रोनचा पेच

लग्नात आणि पटात दिसणारे बरेचसे कॅमेरा ड्रोन परदेशी, मुख्यतः चिनी बनावटीचे असतात. केंद्राने ९ फेब्रुवारी २०२२ रोजी तयार वा सुट्या भागांच्या संचाच्या रूपातले परदेशी ड्रोन आयात करण्यावर बंदी घातली. संशोधन, संरक्षण आणि सुरक्षा यांपुरता अपवाद ठेवला. ३० नोव्हेंबर २०२१ पर्यंत देशात आलेल्या ड्रोनना ३१ डिसेंबर २०२१ पर्यंत नोंदणी करून विशिष्ट ओळख क्रमांक (यूआयएन) घेण्याची मुभा होती. जीएसटी भरलेले बिल त्यासाठी आवश्यक होते. ती मुदत गेली. त्यानंतर कोणाच्या तरी सामानातून आलेला, बिलाशिवाय विकत घेतलेला ड्रोन नियमाच्या चौकटीत बसवणे जवळपास अशक्य आहे. क्रमांक नाही म्हणून विमा नाही, आणि विमा नाही म्हणजे अपघात झाला तर भरपाई खिशातून.

ही अडचण व्यवसाय करणाऱ्यांची आहेच, पण आयोजकाचीही आहे. ‘ड्रोन शूट’ असे पोस्टरवर छापण्यापूर्वी त्याने त्या ड्रोनचा क्रमांक विचारायला हवा. मंडपवाल्याकडे, साऊंडवाल्याकडे कागद मागितले जातात, ड्रोनवाल्याकडे मात्र आधीचे व्हिडीओ पाहून काम दिले जाते.

पडला तर?

२२ डिसेंबर २०१५ रोजी इटलीत माडोना दी कांपिल्यो इथे विश्वचषक स्कीइंगची शर्यत सुरू होती. ऑस्ट्रियाचा मार्सेल हिर्शर उतारावरून वेगात येत असताना प्रक्षेपणाचा ड्रोन त्याच्या अगदी मागे, हातभर अंतरावर आदळला. तो बचावला. आंतरराष्ट्रीय स्की महासंघाने त्यानंतर आपल्या शर्यतींवर कॅमेरा ड्रोनला बंदी घातली. तो ड्रोन हौशी माणसाचा नव्हता. व्यावसायिक, प्रक्षेपणासाठीच आणलेला होता.

पटाच्या बाबतीत हिशेब करून पाहणे सोपे आहे. ९०० ग्रॅमचा ड्रोन ३० मीटरवरून सरळ खाली पडला, तर हवेचा अडथळा सोडल्यास तो सुमारे अडीच सेकंदांत जमिनीवर येतो, आणि त्या वेळी त्याचा वेग ताशी ८७ किलोमीटरच्या आसपास असतो. आदळण्याची ऊर्जा सुमारे २६५ ज्यूल. तुलनेसाठी, ताशी १४० किलोमीटरने टाकलेल्या क्रिकेटच्या चेंडूची ऊर्जा १२० ज्यूलच्या आसपास असते. म्हणजे दुपटीहून जास्त. चेंडूसमोर उभा असणारा फलंदाज हेल्मेट घालतो आणि चेंडूकडे पाहत असतो. पटातला प्रेक्षक वर पाहत नसतो, तो जोडीकडे पाहत असतो.

आता हाच ड्रोन जोडीच्या मागे सेकंदाला १२ मीटर, म्हणजे ताशी ४३ किलोमीटरने धावतो आहे असे धरू. त्याच क्षणी बॅटरीने दगा दिला, तर तो तिथेच खाली पडत नाही. अडीच सेकंदांत तो साधारण ३० मीटर पुढे जाऊन आदळतो. पटात जोडीचा पाठलाग करणारा शॉट संपतो कुठे? शेवटच्या रेषेवर. आणि सर्वाधिक गर्दी असते कुठे? त्याच रेषेच्या आजूबाजूला आणि पलीकडे. सर्वात लोकप्रिय शॉट हा सर्वात धोकादायक शॉट असतो तो यामुळे. पाठलाग थांबवायची जागा रेषेच्या बऱ्याच अलीकडे ठरवावी, नाहीतर ड्रोन धावपट्टीला समांतर, गर्दी नसलेल्या बाजूच्या बांध्यांवरून न्यावा.

अनेक देशांतले वैमानिक यासाठी एक सोपा हिशेब पाळतात : जितके मीटर वर, निदान तितके मीटर लोकांपासून बाजूला. ३० मीटर उंचीवर असाल तर प्रेक्षकांपासून ३० मीटर आडवे अंतर. भारतीय नियमांत हा आकडा नाही. पण वरचा हिशेब पाहिला, की तो हवेतून आलेला नाही हे कळते.

गर्दीतल्या मोबाइलचा ड्रोनशी काय संबंध?

बहुतेक कॅमेरा ड्रोन आणि त्यांचे रिमोट २.४ आणि ५.८ गिगाहर्ट्झवर बोलतात. मोबाइलचे हॉटस्पॉट, थेट प्रक्षेपणाची यंत्रे, वायरलेस उपकरणे यांतली कितीतरी त्याच पट्ट्यात असतात. सकाळी रिकाम्या मैदानात ठणठणीत चाललेला संपर्क दुपारी गर्दी भरल्यावर अडखळू शकतो. म्हणून सकाळी केलेली चाचणी दुपारसाठी पुरत नाही.

संपर्क तुटला की बहुतेक ड्रोन ‘रिटर्न टू होम’ करतात. ठरवलेल्या उंचीवर जातात, सरळ रेषेत उड्डाणाच्या जागेवर येतात आणि तिथे उतरतात. वैमानिक मंचाशेजारी उभा राहून ड्रोन सोडत असेल, तर संपर्क तुटलेला ड्रोन कोणालाही न विचारता मंचासमोरच्या माणसांत उतरणार. उपाय फुकटचा आहे : उड्डाणाची जागा गर्दीबाहेर, दोरी बांधून मोकळी ठेवलेली असावी, आणि तिथे परतण्याची सरळ रेष लोकांवरून जाऊ नये. मंडपाचे लोखंडी पाईप आणि डीजेच्या मोठ्या स्पीकरमधले चुंबक ड्रोनच्या होकायंत्राला चकवतात, हे आणखी एक कारण. रात्री कबड्डीच्या स्पर्धा असतात, तिथे दिव्यांसाठी आडव्यातिडव्या ओढलेल्या तारा कॅमेऱ्यात दिसत नाहीत.

आणि वैमानिकाच्या जोडीला एक माणूस हवा. पडद्यावर डोळे लावून बसलेल्याला बाजूने धावत येणारी मुले दिसत नाहीत.

बैल बुजला तर?

ड्रोनच्या चर्चेत हा मुद्दा सहसा येत नाही, पण पटात तो टाळता येत नाही. सुटण्याच्या रेषेवर जोडी आधीच ताणलेली असते. धुरकरी तिला कसाबसा आवरून धरतो. अशा वेळी कानाजवळ घोंघावणारा, कधी खाली येणारा ड्रोन जनावराला बिथरवू शकतो. बिथरलेली जोडी धावपट्टी सोडून दोरीपलीकडच्या माणसांत घुसली, तर ड्रोन स्वतः पडलाच नाही असे म्हणून वैमानिकाची सुटका होत नाही. नियमातला ‘अप्रत्यक्ष धोका’ तो हाच. बैलांना त्रास झाला का, हा प्रश्न शर्यतीच्या परवानगीच्या बाजूनेही विचारला जाईल आणि तिथे उत्तर आयोजकाला द्यावे लागेल. सुटण्याच्या जागेवर ड्रोन नकोच, तिथे काठीवरचा कॅमेरा पुरतो.

अपघात झाला तर जबाबदारी कोणाची?

ड्रोन नियम मोडल्याबद्दल एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. अपघाताची माहिती ४८ तासांत डिजिटल स्कायवरून डीजीसीएला द्यावी लागते. नॅनो सोडून इतर ड्रोनना तृतीय पक्ष विमा हवा, आणि त्याला व नुकसानभरपाईला मोटार वाहन कायद्याच्या तरतुदी योग्य त्या फरकाने लागू होतात. दुचाकीचा विमा नसताना कोणाला धडक दिली तर काय होते, हे गावात सगळ्यांना माहीत असते. इथेही तेच.

हे झाले विमान वाहतुकीच्या बाजूचे. फौजदारी बाजू वेगळी. उतावळेपणाने किंवा निष्काळजीपणे दुसऱ्याचा जीव धोक्यात घातला तर भारतीय न्याय संहितेचे कलम १२५ लागते. नुसता धोका निर्माण झाला तरी तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते, दुखापत झाली तर सहा महिने, गंभीर दुखापतीला तीन वर्षे. मृत्यू झाल्यास कलम १०६ खाली पाच वर्षांपर्यंत. इथे नॅनो-मायक्रो हा भेद नाही.

आयोजक आणि वैमानिक यांच्यात बहुतेकदा करार नसतो, फोनवर दर ठरतो. अपघात झाला की आयोजक म्हणतो, ‘ड्रोन त्याचा’ आणि वैमानिक म्हणतो, ‘शेवटच्या रेषेचा शॉट त्यांनीच मागितला’. म्हणून कोणता शॉट घ्यायचा नाही, ‘नको’ म्हणण्याचा अंतिम अधिकार कोणाचा, आणि विम्याची प्रत कोणाकडे, या तीन गोष्टी एका पानावर लिहून दोघांनी सही केली तर निम्मा वाद आधीच मिटतो. तो अधिकार वैमानिकाचाच असावा. यंत्र त्याच्या हातात असते आणि प्रमाणपत्रावर नाव त्याचे असते.

पुढे काय बदलू शकते?

केंद्र सरकारने सप्टेंबर २०२५ मध्ये नागरी ड्रोनसाठी स्वतंत्र कायद्याचा मसुदा हरकती-सूचनांसाठी जाहीर केला. नोंदणी, टाईप सर्टिफिकेट आणि विम्याची सक्ती नियमांऐवजी कायद्यातच आणण्याचा आणि काही उल्लंघनांना कैदेची शिक्षा ठेवण्याचा त्यात प्रस्ताव आहे. ड्रोन उत्पादकांकडून त्याला विरोधही झाला. मसुद्याचे काहीही झाले तरी पटाच्या दिवशी ड्रोन कुठून सोडायचा आणि कुठे न्यायचा नाही, याच्या खुणा दोरी बांधतानाच करून ठेवता येतात. त्यासाठी चुन्याची एक पिशवी लागते.